आयर्विन पूल, सांगली : साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पण सांगतो

पुलाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं म्हणू नका, मॅपवर जाऊन बघा, आयर्विनखाली ढिगानं पडलेत. पण सगळे "नाइस व्ह्यू", "ओल्ड ब्रिटिश ब्रिज", "सनसेट सुपर्ब" असले. एकजण ट्राफिकवर चिडून एकच स्टार देऊन गेलाय. पूल नेमकं काय काम करतो ते मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून म्हटलं चला आपणच हात मारू.

नवीन लोकांसाठी आधी बेसिक. पूल कृष्णेवर. अलीकडं टिळक चौक, पलीकडं सांगलीवाडी, आणि तिथनं रस्ता तुंग, आष्टा, इस्लामपूर करत पेठनाक्याला हायवेला लागतो. बांधला संस्थानच्या काळात, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन राजे होते तेव्हा, आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन स्वतः सांगलीत येऊन उद्घाटन करून गेला म्हणून हे नाव. हा तोच आयर्विन हां, शाळेत १९३१ चा गांधी-आयर्विन करार पाठ केला त्यातला. आणि टायमिंग काय बघा, ३१ ऑक्टोबर १९२९ ला हा माणूस दिल्लीत वसाहतीच्या स्वराज्याची घोषणा करतो, नोव्हेंबरात आपल्याकडं येऊन पूल उघडतो, २३ डिसेंबरला दिल्लीजवळ क्रांतिकारक त्याच्या रेल्वेखाली बाँब उडवतात (वाचला गडी), आणि वर्ष संपता संपता लाहोरला काँग्रेस पूर्ण स्वराज्याचा ठराव करून मोकळी. म्हणजे त्याच्या घोषणेला दोन महिने पण किंमत राहिली नाही, पूल मात्र अजून उभा आहे. पुढं किती गावांची, किती रस्त्यांची नावं बदलली, याच्या वाटेला मात्र फारसं कुणी गेलं नाही, म्हातारी माणसं आयरविन म्हणतात, पोरं आयर्विन म्हणतात, रिक्षावाल्याला नुसतं "पुलावर" म्हटलं तरी कळतं.

आता मुद्द्याचं. बाहेरच्या माणसाला पूल म्हणजे ह्या काठावरनं त्या काठाला जायची सोय वाटते, आणि आठ महिने ते बरोबरच आहे. जून लागला की मात्र याचं खातं बदलतं. पुलावरनं किती गाड्या गेल्या याच्याशी कुणाला देणंघेणं राहत नाही, पुलाखाली पाणी किती फूट एवढंच पाहिजे असतं. पुलाच्या दगडी खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत, तीच आमची पाणीपातळी. ४० ला इशारा, ४५ ला धोका. हे दोन आकडे सांगलीतल्या पाचवीतल्या पोराला पण पाठ आहेत, पाढे येत नसले तरी. पेपरात, व्हॉट्सअ‍ॅपवर, सरकारी मेसेजमध्ये सगळीकडं एकच भाषा, "आयर्विन पूल सकाळी आठ वाजता, इतके फूट इतके इंच". पुण्यात नोकरीला असलेली पोरं घरी फोन करून तब्येत नंतर विचारतात, आधी "पाणी किती झालं?"

आणि हा आकडा नुसता बातमीपुरता नाही, प्रत्येकानं आपापल्या घरापुरतं त्याचं गणित बसवून ठेवलंय. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड ही मंडळी चाळीसची वाट बघतच नाहीत, तिशी ओलांडून पाणी जोरात चढायला लागलं की त्यांची बोचकी बांधायला सुरुवात. पंचेचाळीसच्या पुढं मारुती चौक, स्टँड भागातले दुकानदार माल वरच्या फळीवर टाकायला लागतात. आमच्या आत्याच्या घरात जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा आहेत, पोरांची उंची मोजायच्या असतात तशा, फक्त शेजारी पोरांची नावं नसून पुलाचे आकडे लिहिलेत, "पुलाला ५० तेव्हा इथं" अशा हिशोबानं. फ्रीज कधी उचलायचा, गॅसची टाकी कधी वर न्यायची, म्हशी कुणाच्या दारात बांधायच्या, सगळं त्या आकड्यावर. मला सांगा, अशी सर्व्हिस देणारा दुसरा पूल आहे का कुठं? कोल्हापूरकर म्हणतील आहे की, पण त्यांची पातळी पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला मोजतात, तिथं इशारा ३९ आणि धोका ४३. शिवाजी पूल त्यांचा पण जुना आणि देखणा, त्याबद्दल वाद नाही, पण आकड्याचा मान बंधाऱ्याला गेला. (ग्रुपवर पंचगंगेचा आकडा आयर्विनचा म्हणून फॉरवर्ड करणाऱ्या लोकांना तर पावसाळाभर ब्लॉकच करायला पाहिजे. अर्ध्या गल्लीची झोप उडवतात.)

२००५ ला पाणी त्रेपन्नच्या पुढं गेलं तेव्हा सगळे म्हणाले आता यापेक्षा जास्त काय होणार. त्या पुराची खूण धरून लोकांनी घरं बांधली, जोती उचलली, दुकानांचे माळे केले. मग २०१९ चा ऑगस्ट आला आणि पुलावरचा आकडा सत्तावन्नच्या वर गेला. ज्यांनी २००५ च्या रेघेच्या वर हात-दीड हात सेफ्टी ठेवून सामान रचलं होतं त्यांचं सगळं गेलं, कारण रेघच चुकली. हरभट रोड, गणपती पेठ, स्टँड, सगळीकडं होड्या. हळदीच्या, भुसाराच्या व्यापाऱ्यांचं किती गेलं याचा हिशोब नको. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. लगेच दोन वर्षांनी २०२१ च्या जुलैत परत पंचावन्नच्या आसपास. तेव्हापासनं लोक पुलाचा आकडा ऐकून "बरं" म्हणायचे बंद झाले, आता पुढचा प्रश्न असतो, "कोयनेतनं किती सोडलंय?"

हा प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे, आणि इथं जरा थांबतो कारण बाहेरच्यांना हे कळत नाही. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, तिथनं सुटलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळून मग फिरत फिरत आपल्याकडं येतं, त्याला वेळ लागतो, तोवर तयारी करता येते. खरी गोची पुलाच्या खालच्या अंगाला आहे. वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, म्हणजे आयर्विनच्या पुढं. वारणा तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकायलाच तयार नसतं, तुंबतं, आणि पुलाखाली फुगवटा येतो. त्याच्या पण पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते, तिची तऱ्हा तीच. म्हणून कधी कधी सांगलीत कडक ऊन पडलेलं, कोयनेचे दरवाजे खाली घेतलेले आणि तरी पुलाचा आकडा हलायला तयार नाही असं होतं. पुढं कर्नाटकात अलमट्टी धरण, त्याच्या फुगवट्यानं इकडं पाणी तुंबतं का नाही यावरनं तर चहाच्या गाड्यावर डोकी फुटायची बाकी असतात, उंची ५१९ मीटरवरनं ५२४ ला न्यायचा विषय निघाला की इकडं मोर्चे निघतात. २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, अहवाल आला, वाद जिथल्या तिथं. मी त्यातला तज्ज्ञ नाही, पण पुलावर उभं राहून एवढं दिसतं की नदीला पसरायला जी जागा होती तिथं आता प्लॉट आहेत आणि त्यांच्या नावाच्या पाट्या पण आहेत.

२०२१ च्या पुरात संध्याकाळी पुलाच्या तोंडाला गर्दीत उभा होतो. शेजारी सांगलीवाडीचे एक आजोबा, टोपी, खांद्यावर टॉवेल, छत्री असून मिटलेली. सगळे आकड्याकडं मोबाइल धरून झूम करत होते, पोलीस शिट्ट्या मारून मागं हटवत होता. आजोबा बघत होते दुसरीकडंच. मी म्हटलं काय बघताय आजोबा, तर म्हणाले, "आकड्याकडं बघू नगंस बाळा, त्यो मागनं सांगतोय. कचऱ्याकडं बघ. कचरा कडंकडंनं जातोय तवर पाणी चढतंय. मधल्या धारंत गोळा व्हायला लागला की उतार लागला म्हणायचं." बघितलं तर खरंच जलपर्णीचे पुंजके, थर्माकोल, एक निळं पिंप, सगळं काठाला लागून वाहत होतं आणि मधली धार नुसती लालभडक, मोकळी. नंतर इंजिनिअर मित्राला विचारलं तर म्हणाला बरोबर आहे, पाणी चढताना नदीचा मधला भाग कडेपेक्षा किंचित फुगलेला असतो म्हणून तरंगणारं सगळं कडेला ढकललं जातं, उतरताना उलटं. आजोबांनी फुगवटा बिगवटा काही सांगितलं नाही, "ओटी भरून आलो कृष्णामाईची, आता ती आन आपण" म्हणाले आणि निघून गेले.

तर सर्व्हिसचे पूर्ण मार्क. आता पुलाची अवस्था.

बांधकामाला तोड नाही हे उघड आहे. घडीव दगडाच्या कमानी, सत्तावन्न फूट पाणी अंगावर घेऊन, त्यात वाहून आलेली झाडं आदळून घेऊन परत जसाच्या तसा. पाणी उतरल्यावर घाटाकडनं खाली जाऊन वर बघा, कमानीच्या पोटात ओलीची रेघ दिसते, कुठपर्यंत पाणी होतं ते आपोआप कळतं, आणि मग पाय जरा लटपटतात. पण दगडांच्या सांध्यातनं पिंपळ उगवलेत, ते बघून जीव वर-खाली होतो. पिंपळाला एक वर्ष दिलं की तो दगड सरकवतो, हे सांगायला आर्किटेक्ट लागत नाही, कुठलंही जुनं देऊळ बघा. वरवर कापून उपयोग नाही, मुळापासनं काढून सांधा बुजवायला पाहिजे. कठड्यावर प्रेमवीरांची नावं, गुटख्याच्या पिचकाऱ्या, तो भाग तर विचारूच नका.

ट्राफिकचं म्हणाल तर पूल बांधला तेव्हा बैलगाड्या आणि राजेसाहेबांची मोटार एवढाच हिशोब असणार. आम्ही लहान असताना याच पुलावरनं एसटी, ट्रक, हंगामात उसाच्या गाड्या सगळं एकदम जायचं, समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की चालणारा माणूस कठड्याला पाठ लावून उभा. पुढं बायपासचा पूल झाला, जड गाड्यांना आयर्विनवर बंदी आली, आणि २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीवरचा पूल रात्रीत वाहून गेला, दोन एसट्या आणि गाड्या घेऊन, तेव्हा तर सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. तो पूल १९२८ चा. आपला १९२९ चा. दोन्ही दगडी, दोन्ही ब्रिटिश काळातले. त्यानंतर कितीतरी दिवस घरातली बायामाणसं पुलावरनं जाताना रिक्षात बसल्या बसल्या हात जोडायची.

आता आयर्विनला खेटून समांतर पूल उभा केलाय. होईस्तोवर वादावादी भरपूर झाली, बाजारपेठेतल्या रस्त्याचं काय, रुंदीकरणात दुकानं जातील का, व्यापारी चिडले, ते सगळं झालं. नवा पूल दिसायला म्हणाल तर सरळसोट काँक्रीट, कुठंही असतो तसला, शेजारी उभा राहिल्यावर तर आयर्विन अजूनच भारदस्त दिसतो. पण माझ्या मते नव्या पुलाचा सगळ्यात मोठा फायदा हाच की आता जुन्याच्या डोक्यावरचं ओझं काढता येईल. गाड्या सगळ्या नव्यावर घाला, जुना चालणाऱ्यांना आणि फार तर सायकलला सोडा. पुण्यात बंडगार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल गाड्यांना बंद करून चालायला ठेवला, ते सिंहाचे पुतळे असलेला, त्याचं काही बिघडलं का? उलट लोक बसायला येतात. इथं पण दोन बाक, बरे दिवे आणि एक धड माहितीचा फलक लावा, कधी बांधला, कुणी बांधला, कुठल्या साली किती पाणी आलं. साध्या पितळेच्या पट्ट्या कमानीवर ठोकल्या तरी बास, २००५, २०१९, २०२१. आत्ता बाहेरनं आलेला माणूस खांबावरचे रंगवलेले आकडे बघून विचारतो "हे काय लिहिलंय?" आणि सांगणारं कुणी नसतं. अर्धा स्टार त्याचा कापलाय, आणि पिंपळाचा.

शनिवार-रविवार यायचं असलं तर थोडं सांगून ठेवतो. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, संध्याकाळी पाच-साडेपाचला या. नदी भरलेली पण शांत असते, पश्चिमेला सांगलीवाडीच्या मागं सूर्य उतरतो आणि घाटावरची देवळं सोनेरी होतात, फोटोवाल्यांना हाच टाइम. गणपतीत आलात तर पाचव्या दिवशी या, संस्थानच्या गणपतीची मिरवणूक राजवाड्याकडनं निघून सरकारी घाटाला येते, गर्दी एवढी की चप्पल हरवली तर शोधायची नाही, पुढं जायचं. घाटाजवळच वसंतदादांची समाधी आहे, तिथं जरूर जा. २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून पळाले तेव्हा कृष्णेला असाच पूर होता, दादांना गोळी लागली, दोन साथीदार गेले. आता पूर बघताना त्या पाण्यात कुणी जीव घेऊन धावलं असेल हे डोक्यातच बसत नाही. होड्यांच्या शर्यती असल्या तर नशीब, पुलावरनं बघायची मजा वेगळी, काठावरनं आपापल्या गावाचं नाव घेऊन जी बोंब उठते ती ऐकायला पाहिजे.

उन्हाळ्यात मात्र येऊ नका. एप्रिल-मेला पाणी थांबलेलं, हिरवं, शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचा वास, मेलेले मासे. शेरीनाला प्रत्येक निवडणुकीत बंद होतो आणि निकालानंतर परत चालू होतो. निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून पुलावरनं खाली भिरकावणाऱ्या भक्तांना तर काय बोलावं, देवाला फुलं वाहिलीत ना, मग कॅरीबॅग कुणाला? आणि हो, नदीत मगरी आहेत, ही थाप नाही. औदुंबर, भिलवडीपासनं डिग्रजपर्यंत सगळ्यांना माहिती आहे, सांगलीत पण दिसतात. घाटावर पाय सोडून रील करायची हौस असली तर आधी आजूबाजूला कपडे धुणाऱ्या बायका आहेत का बघा, त्या नसतील तिथं तुम्ही पण बसू नका.

पुराच्या दिवसात पुलावरनं पाण्यात उड्या मारणारी पोरं दिसतील. लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात, नाद खुळा वगैरे. ती पोरं लहानपणापासनं या पाण्यात वाढलेली, कुठल्या कमानीखाली भोवरा आहे आणि कुठल्या घाटाला बाहेर निघायचं हे त्यांना माहिती. तरी पण माझं मत विचाराल तर ते पण बंदच व्हायला पाहिजे, आणि तुम्ही तर चुकूनसुद्धा नाही. पूर बघायला यायचंच असेल तर पोलीस उभे असतात त्याच्या अलीकडं थांबा, बघा आणि निघा, मागं अँब्युलन्सला, एनडीआरएफच्या बोटीच्या गाडीला वाट पाहिजे असते आणि तुमची बुलेट मधेच आडवी.

खायचं म्हणाल तर पुलाजवळ चहा-भजी बरी मिळतात, भेळ पण. भडंग मात्र इथनं गाड्यावरनं घेऊ नका, पेठेत जाऊन तुमच्या ओळखीचा सांगलीकर सांगेल त्या दुकानातनं घ्या, प्रत्येकाचं दुकान वेगळं असतं आणि प्रत्येकजण त्यावर भांडायला तयार असतो. गाडी टिळक चौकात लावायच्या भानगडीत पडू नका, गणपती देवळाच्या बाजूला जागा मिळाली तर लावा आणि चालत या, दर्शन पण होतं. चारचाकी असेल तर संध्याकाळी सहाच्या आत काढा, नंतर अडकाल.